रुतलेला काटा सोनोग्राफीवर कसा शोधायचा

"आत काहीतरी राहिलंय, बोचतंय" असं पेशंट म्हणाला, की ते खरं धरून कामाला लागा. एक्स-रे कोरा आला असेल, जखम वरून छान भरली असेल, तरीही. ज्यांचं बोचणं हलक्यात घेतलं गेलं ती माणसं काही आठवड्यांनी सुजलेला, ठणकणारा पाय घेऊन परत आलेली मी पाहिली आहेत. त्यातल्या एकीच्या बाबतीत चूक माझीच होती. ती पुढे सांगते.

हे लिहिते आहे नव्या रेसिडेंट्ससाठी आणि कॅज्युअल्टीत ड्यूटी करणाऱ्या मेडिकल ऑफिसरांसाठी. प्रोब (कातडीवर फिरवायचा, ध्वनी सोडणारा भाग) कसा धरायचा आणि गेन-डेप्थची (चित्राचा उजळपणा आणि किती खोल पाहायचं याची) बटणं कुठे असतात, एवढं येत असलं तरी पुरे.

आधी विचारपूस, मग प्रोब

काय घुसलं? लाकूड, काटा, काच, सुई, प्लास्टिक? ते मोडलं का? बाहेर आलेला तुकडा कुणी जपून ठेवला असेल तर मागवून घ्या. त्याची जाडी मोजली, की स्क्रीनवर केवढी रेघ शोधायची याचा अंदाज येतो. कधी घुसलं हेही नीट विचारा, कारण दोन तासांपूर्वीचा काटा आणि दोन महिन्यांपूर्वीचा काटा स्क्रीनवर वेगळे दिसतात.

एक प्रश्न नवखे लोक हमखास विसरतात: घुसलं तेव्हा हात किंवा पाय कसा होता? मूठ वळलेली असताना काच शिरली आणि नंतर बोटं सरळ केली, की कातडी, चरबी आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) एकमेकांवरून सरकतात. मग तुकडा जखमेच्या बरोबर खाली सापडत नाही, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाजूला असतो. काटा कोणत्या दिशेने आला हे कळलं तर निम्मी शोधाशोध वाचते.

पेशंटला एकाच बोटाने सर्वांत दुखरी जागा दाखवायला सांगा आणि तिथे पेनाने टिंब काढा. संवेदना, बोटांची हालचाल आणि रक्तपुरवठा आत्ताच तपासून केसपेपरवर लिहून ठेवा. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर बधिरपणा जखमेमुळे आहे की औषधामुळे, हे सांगता येत नाही.

एक्स-रे काढायचाच, निदान दोन दिशांनी. धातू, खडी आणि काच त्यात बहुधा दिसतात. काचेत शिसं असेल तरच ती दिसते, असं मला अजूनही विद्यार्थी सांगतात. ते खरं नाही. तुकडा अगदी बारीक नसेल तर साधी काचही दिसते. लाकूड, झाडाचे काटे आणि बरंचसं प्लास्टिक मात्र एक्स-रेवर दिसत नाही, आणि सोनोग्राफीची खरी गरज तिथेच पडते.

क्रम मात्र पाळा. जखमेत फोर्सेप (चिमटा) घालून चाचपायच्या आधी सोनोग्राफी झाली पाहिजे. एकदा जखम उचकली की आत हवा शिरते, आणि हवेचे बुडबुडे काट्यासारखेच चमकतात. मग कितीही चांगलं मशीन असलं तरी उपयोग नाही.

मशीन लावून घेणं

प्रोब लिनियर (सरळ, सपाट तोंडाचा) हवा, १० ते १५ मेगाहर्ट्झचा. हॉकी-स्टिक प्रोब (हॉकीच्या काठीसारखा वाकडा, छोटा) असेल तर बोटांसाठी आणि बोटांच्या बेचक्यांसाठी तोच घ्या. मऊ ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. म्हणजे १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.१५ मिलिमीटरच्या आसपास येते, ५ मेगाहर्ट्झला दुप्पट. बारीक काटा पकडायचा तर तरंगलांबी लहान हवी. किंमत अशी की जास्त फ्रीक्वेन्सी खोल जात नाही. तीन-चार सेंटिमीटरच्या खाली चित्र धूसर होऊ लागलं, की फ्रीक्वेन्सी उतरवा. मांडी किंवा कुल्ला असेल तर कमी फ्रीक्वेन्सीचा प्रोब जवळ ठेवा.

प्रीसेट, म्हणजे मशीनमधली तयार मांडणी, मस्क्युलोस्केलेटल किंवा स्मॉल पार्ट्स. डेप्थ आधी दोन-तीन सेंटिमीटर. बहुतेक काटे वरवरच असतात आणि पाच सेंटिमीटर डेप्थवर ते स्क्रीनच्या वरच्या पट्टीत चिरडल्यासारखे दिसतात. फोकस संशयित जागेच्या पातळीवर आणा.

आणखी एक बटण लक्षात ठेवा, कम्पाउंड इमेजिंग. ते चालू असलं की चित्र गुळगुळीत दिसतं, कारण मशीन वेगवेगळ्या कोनांतून आलेली चित्रं एकत्र करतं. त्यात वस्तूमागची सावली पुसट होते, आणि आपल्याला तर त्या सावलीवरच वस्तू ओळखायची असते. काही चमकतंय पण सावली आहे की नाही कळत नाही, अशा वेळी कम्पाउंडिंग बंद करून पुन्हा पाहा. कित्येकदा शंका तिथेच मिटते.

जेल की पाणी

वरवरच्या वस्तूसाठी प्रोब थेट कातडीवर टेकवला, तर पहिले काही मिलिमीटर नीट दिसत नाहीत. म्हणून जेलचा जाड थर घाला, अर्धा-एक सेंटिमीटर उंच, आणि प्रोब त्यावर तरंगता ठेवा. जखम उघडी असेल तर निर्जंतुक जेल आणि प्रोबवर निर्जंतुक कव्हर. जेलमध्ये बुडबुडे नकोत, कव्हरच्या आतही नकोत.

हात, बोटं आणि पाऊल यांच्यासाठी मी सरळ पाण्याची परात किंवा टब घेते. त्यात कोमट पाणी भरा, हात पूर्ण बुडवा आणि प्रोबचं फक्त तोंड पाण्यात ठेवून कातडीपासून एक-दोन सेंटिमीटर वर धरा. प्रोब टेकतच नाही, त्यामुळे ठणकणाऱ्या बोटालाही दुखत नाही. लहान मूल असेल तर ते आपल्या हातापेक्षा स्क्रीनकडेच बघत राहतं. बोटाच्या गोलाईवर जेल टिकवण्याची कटकटही उरत नाही. पाणी ओतल्यावर मिनिटभर थांबा, कातडीवर चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढा. प्रोब किती बुडवलेला चालतो हे कंपनीच्या पुस्तिकेत आधी वाचून घ्या. केबलचा जोड पाण्यात जाता कामा नये.

हात कसा चालवायचा

सुरुवात जखमेपासून करू नका. आधी दुसऱ्या, चांगल्या हातावर तीच जागा पाहा. कातडीचा चमकता पट्टा, त्याखाली चरबीतल्या पांढऱ्या आडव्या रेघा, मग टेंडन, मग हाडाची ठळक रेघ आणि तिच्यामागे काळोख. नेहमीचं चित्र डोळ्यात बसलं की वेगळं काही लगेच खुपतं.

मग जखमेच्या बाजूला या. शेत नांगरतात तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एक पट्टा झाला की त्याला थोडा झाकून पुढचा. जखमेच्या चारही बाजूंना निदान दोन सेंटिमीटर जा. आणि हळू चला. मी रेसिडेंटला सांगते, तुला जेवढं हळू वाटतंय त्याच्या निम्म्या वेगाने ने. करंगळी किंवा तळहाताची कड पेशंटच्या अंगावर टेकवून ठेवली की हात थरथरत नाही. दाब अगदी हलका. दाबलं की चरबी चपटी होते, पू बाजूला सरकतो आणि खोली खरी असते त्यापेक्षा कमी मोजली जाते.

सगळे पट्टे संपले की प्रोब ९० अंशांनी फिरवा आणि तीच जागा पुन्हा नांगरा. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि माझ्या हातून एकदा नेमकी हीच सुटली. एका बाईंच्या टाचेत काटा मोडला होता. मी एकाच दिशेने पाहिलं. काटा प्रोबला आडवा होता, त्यामुळे स्क्रीनवर त्याचं फक्त एक पांढरं टिंब आलं. टाचेच्या चरबीत असे पांढरे पडदे खूप असतात, त्यातलंच एक समजून मी पुढे गेले आणि रिपोर्टमध्ये 'काही आढळले नाही' असं लिहिलं. तीन आठवड्यांनी त्या लंगडत आल्या. प्रोब फिरवल्यावर ते टिंब लांबत गेलं, आठ मिलिमीटरची सरळ रेघ झाली, आणि भोवती काळं कडं. तेव्हापासून प्रत्येक संशयित टिंबावर मी प्रोब जागच्या जागी फिरवून बघते. टिंब टिंबच राहिलं तर ठीक, रेघ झाली तर थांबायचं.

ध्वनी वस्तूवर काटकोनात पडला तरच ती लख्ख दिसते, तिरका पडला तर परावर्तन दुसरीकडेच जातं. म्हणून प्रत्येक जागी प्रोब दोन्ही बाजूंना थोडा थोडा कलवा. कलवताना एखादी रेघ एकदम पेटल्यासारखी उजळते, आणि बऱ्याचदा तोच आपला काटा असतो.

सापडल्यावर तो कसा दिसतो

जवळजवळ प्रत्येक परकी वस्तू पांढरी, चमकती दिसते. ओळख पटते ती तिच्या मागे काय आहे आणि भोवती काय आहे यावरून.

लाकूड किंवा झाडाचा काटा असेल तर पांढरी रेघ आणि तिच्यामागे स्वच्छ काळी सावली. ताज्या, कोरड्या लाकडाच्या आत हवा असते, म्हणून ते फार चमकतं. महिनोन्‌महिने शरीरात राहिलं की ते पाणी पितं, फुगतं, चमक उतरते. अशा वेळी रेघेपेक्षा भोवतीची सूजच आधी नजरेत भरते.

धातूची सुई म्हणजे प्रखर रेघ, आणि तिच्याखाली समान अंतरावर तशाच फिकट होत जाणाऱ्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. पायऱ्या फार जवळ असल्या की धूमकेतूची शेपटी दिसते. काचेच्या सपाट कपचीमागेही अशी शिडी येते, पण तुकडा तिरका किंवा ओबडधोबड असेल तर साधी सावली पडते. वस्तूपेक्षा तिचा पृष्ठभाग इथे जास्त ठरवतो: गुळगुळीत आणि सपाट असेल तर शिडी, खडबडीत किंवा लहान गोलाईची असेल तर सावली. त्यामुळे सावली बघून 'ही काच नाही' असं ठामपणे म्हणू नका. प्लास्टिकचा तर काही नेमच नाही, कधी सावली, कधी शिडी, कधी दोन्ही नाही.

मग ते काळं कडं. साधारण २४ तास उलटले की शरीर वस्तूभोवती प्रतिक्रिया देऊ लागतं. सूज, द्रव, पुढे पू किंवा ग्रॅन्युलेशन (जखम भरताना वाढणारी नवी ऊती). स्क्रीनवर हे वस्तूला वेढणारं काळपट वलय म्हणून दिसतं. काळ्या चौकटीत पांढरी रेघ आणि मागे सावली, हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावा, वलयात वाढलेला रक्तप्रवाह दिसेल. खडबडीत वस्तूवर डॉप्लर लाल-निळा चमचमतो, तिथे रक्त वाहत नसूनही. ही चमचम कधीकधी वस्तू शोधायला मदतच करते.

जखम ताजी असेल तर कडं नसणारच, म्हणून त्याची वाट पाहू नका.

फसवणारे

हवा सगळ्यांत मोठी फसवी. बुडबुड्यामागची सावली मळकट, धुरकट असते आणि हलका दाब दिला की बुडबुडा सरकतो किंवा फुटतो. अंगठ्याच्या मुळाशी आणि पायाच्या अंगठ्याखाली सेसॅमॉइड हाडं (टेंडनमध्ये बसलेली छोटी हाडं) असतात. ती गोलसर, गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूलाही तशीच दिसतात. चांगला हात आधी पाहायला सांगितलं ते यासाठी. जुने टाके, व्रण, कॅल्शियमचे खडे यांच्याबद्दल पेशंटला विचारा. टेंडनचा कोन चुकला की त्यात काळा पट्टा येतो आणि शेजारचा भाग उगाच चमकल्यासारखा वाटतो. प्रोब कलवला की हे नाटक संपतं, काटा मात्र राहतो.

बोट हळूच हलवायला सांगा. वस्तू टेंडनबरोबर सरकत असेल तर ती टेंडनमध्ये किंवा त्याच्या आवरणात रुतली आहे, स्थिर राहिली तर चरबीत. काढणाऱ्या सर्जनसाठी ही माहिती लाखमोलाची आहे.

मोजमाप, खूण, रिपोर्ट

दोन्ही दिशांना चित्र गोठवून लांबी, जाडी आणि कातडीपासूनची खोली मोजा. वस्तूचं जवळचं टोक किती खोल आणि लांबचं किती, हे वेगवेगळं लिहा. काढणारा जवळच्या टोकाकडूनच जाणार असतो.

खूण करण्याची सोपी रीत: एक सरळ केलेली पेपरक्लिप प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये आडवी सरकवा. तिची सावली वस्तूवर पडली की तिथे पेनाने रेघ मारा. प्रोब ९० अंश फिरवून पुन्हा तेच. दोन रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू. मार्कर न पुसणारा हवा, जेलने पुसली जाणारी खूण काही कामाची नाही. हात ज्या अवस्थेत ठेवून शस्त्रक्रिया होणार आहे त्याच अवस्थेत खूण करा, नाहीतर बोट वाकवताच ती भलतीकडे जाते.

रिपोर्टमध्ये मी असं लिहिते: "उजवा तळहात, अंगठ्याच्या उंचवट्यात ९ मिमी लांब, १ मिमी जाड, चमकदार रेषाकृती वस्तू, मागे सावली, भोवती काळे वलय. जवळचे टोक कातडीखाली ४ मिमी, लांबचे ७ मिमी, दिशा मनगटाकडे. टेंडनच्या वर, आवरणाला स्पर्श नाही. जवळच्या रक्तवाहिनीपासून ३ मिमी." एवढं वाचून सर्जनच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे. 'परकी वस्तू दिसते' एवढ्यावर थांबलेल्या रिपोर्टने त्याला चीर कुठे द्यायची ते कळत नाही.

काढताना प्रोब हातात

वस्तू वरवर असेल, नस आणि रक्तवाहिनी दूर असेल, तरच कॅज्युअल्टीत काढायला जा. भूल देताना सिरिंजमधली हवा पूर्ण काढा. सुई प्रोबखाली बघत वस्तूपर्यंत न्या आणि औषध तिच्या भोवती सोडा. द्रवाने वस्तू आजूबाजूच्या ऊतींपासून सुटी होते आणि काळ्या पार्श्वभूमीवर उठूनही दिसते. मग सुई तिथेच ठेवून तिच्या मार्गाने छोटी चीर द्या आणि मॉस्किटो फोर्सेप आत न्या. फोर्सेपची चमकती टोकं वस्तूच्या दोन्ही बाजूंना दिसली की मिटा. लाकूड कुजलेलं असेल तर ओढताना तुटतं, म्हणून त्याच्या लांबीच्या दिशेनेच, सावकाश. बाहेर आलेला तुकडा मोजून रिपोर्टमधल्या लांबीशी ताडून पाहा आणि जागा पुन्हा स्कॅन करा. जखम स्वच्छ धुवा, धनुर्वाताच्या लशीची चौकशी करा.

मान, छाती, पोट, सांधा, टेंडनचं आवरण, किंवा धडधडणारी सूज असेल तर हात लावू नका, सर्जनला बोलवा. ग्रीस-गन किंवा पेंटच्या स्प्रे-गनने बोटात काही घुसलं असेल तर छिद्र टाचणीएवढं दिसतं, पण आत रसायन टेंडनच्या कडेने दूरवर पसरलेलं असतं. तिथे सोनोग्राफीत वेळ घालवू नका, ताबडतोब हाताच्या सर्जनकडे पाठवा. डोळा फुटल्याची शंका असेल तर पापणीवर प्रोब टेकवायचा नाही.

काहीच सापडलं नाही तर

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात या तपासणीची संवेदनशीलता (आत वस्तू असताना ती सापडण्याचं प्रमाण) सुमारे ७२ टक्के आणि विशिष्टता (वस्तू नसताना 'नाही' असंच उत्तर येण्याचं प्रमाण) ९२ टक्के आली होती. म्हणजे दिसलं तर बहुधा खरं, न दिसलं तर निश्चिंत होता येत नाही. रिपोर्टमध्ये "तपासणीत परकी वस्तू दिसली नाही, तरी शक्यता पूर्ण नाकारता येत नाही" असं स्पष्ट लिहा. पेशंटला सांगा: दुखणं वाढलं, लाली पसरली, पू आला तर लगेच, नाहीतर आठवड्याभराने पुन्हा या. तोवर कडं तयार झालेलं असतं आणि लपलेला काटा पुष्कळदा दुसऱ्या खेपेला सापडतो. गुडघा किंवा बोटाचा एकच सांधा महिनोन्‌महिने सुजत असेल, तर काटा टोचल्याची जुनी आठवण विचारा. वनस्पतीचा काटा सांध्याच्या अस्तरात राहून असा त्रास देतो आणि तोवर पेशंट तो प्रसंग विसरलेला असतो.

हाडामागे किंवा खोलवर शंका असेल तर सीटी स्कॅन. कोरडं लाकूड त्यात हवेसारखं काळं दिसतं, म्हणून सरळ रेघेतली 'हवा' दिसली की ती लाकूड असू शकते. एमआरआयला पाठवण्याआधी आत लोखंड नाही याची खात्री करा, डोळ्याच्या बाबतीत तर दुप्पट. चुंबकीय क्षेत्रात ते हलतं.

सराव

पेशंटवर शिकायच्या आधी कोंबडीची तंगडी घ्या. कातडी, चरबी, स्नायू, टेंडन, हाड, सगळं त्यात आहे. टूथपिकचा तुकडा, काचेची कपची, मोडलेली सुई, प्लास्टिकची काडी असं एकेक पाण्याखाली धरून खुपसा, म्हणजे सोबत हवा जात नाही. जिलेटिन वापरायचं असेल तर त्यात ईसबगोल ढवळा, पोत ऊतीसारखा येतो. खुपसण्याचं काम सहकाऱ्याला सांगा, तुम्ही बाहेर थांबा. आत काय आहे, किती लांब, किती खोल, कुठल्या दिशेने, हे कागदावर लिहून मगच कापून पाहा. आणि सहकाऱ्याला बजावून ठेवा, की पाचातल्या एका तंगडीत फक्त सुईने भोक पाडायचं, आत काहीच ठेवायचं नाही. कुठली ते सांगायचं नाही.